मीठ हाडापर्यंत पोहोचेपर्यंत

मटण खारवायचे म्हटले की सगळ्यांचे लक्ष मिठाकडे जाते. सोलापुरात अडतो तो गारवा. अख्खी मांड मिठाच्या पाण्यात, म्हणजे जुन्या बोलीतल्या मिठवण्यात, आठवडाभर मुरवायची तर ते पाणी सगळा वेळ 2 ते 4 अंशांवर राहायला हवे. विलायतेत हे काम हिवाळ्यात तळघरात चालायचे. आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत, ऐन संक्रांतीच्या थंडीतही रात्रीचा पारा पंधराच्या आसपासच घुटमळतो आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. म्हणून माळवदावर, गॅलरीत किंवा मोरीत ओल्या पोत्याखाली ठेवून हे जमते असे कोणी सांगितले तर मान डोलवावी आणि घरी येऊन फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा करावा.

हिशेब साधा आहे. मीठ बाहेरून आत जाते आणि नासण्याची सुरुवात आत, हाडाला लागून होते. मिठाची चाल संथ असते. मांसाची जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. नडगीकडचे दोन बोटे जाडीचे मांस दोन-तीन दिवसांत मुरते, पण मांडीचा गोळा हाडापर्यंत चार-साडेचार सेंटिमीटर खोल असतो. तिथे मीठ आपसूक पोहोचेल म्हणून वाट बघत बसलो तर वास आधी पोहोचतो. खाली जे जे केले आहे, ते मीठ हाडापाशी लवकर नेण्यासाठी किंवा ते पोहोचेपर्यंत मांस गार ठेवण्यासाठी आहे.

मांड आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. रविवारी सकाळी दुकानात रांग लागलेली असताना अख्खी मांड मागितली तर कोणीही तोंड वाकडे करेल. मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी विचारावे. बोकड खच्ची केलेला, दोन दाती, म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाचा असावा. उस्मानाबादी मिळाला तर उत्तम. शेजारच्या धाराशिवची ही जात आपल्याकडच्या बाजारांतही असते. खच्ची न केलेल्या मोठ्या बोकडाचा उग्र वास मिठवण्यात जात नाही, उलट गार कापांमध्ये जास्त जाणवतो. मेंढीचे मटणही चालते, पण तिची चरबी थंड झाल्यावर टाळूला मेणासारखी चिकटते, म्हणून ती आणखी बारकाईने काढावी लागते.

"चाचा, उद्या मागची मांड अख्खी पाहिजे. तुकडे नकोत."

"अख्खी काय करता ओ, बिर्याणी का?"

"नाही, आठ दिवस मिठात घालायची आहे."

"मग खुब्याचं हाड काढून देतो की. पहिला वास तिथंच मारतंय."

ज्याने आयुष्यभर मटण तोडले त्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. खुब्याचे हाड सांध्यातून सोडवून घेतले की मांडीच्या हाडाचा गोल गोळा उघडा पडतो आणि मिठवण्याला आत शिरायला वाट मिळते. मांडीचे हाड मात्र तसेच राहू द्यायचे. नडगी खाली घोट्याच्या सांध्यातून कापून घ्यायची, नाही तर मांड कुठल्याच डब्यात मावत नाही. हाडावर सत्तूर मारू देऊ नये. हाडाची कपची मांसात गेली की ती नेमकी दाताखाली येते.

आपल्याकडे सकाळी कापलेले मटण तासा-दोन तासांत घरी येते, कधी हाताला कोमट लागते. रश्शासाठी यात काही बिघडत नाही. अख्खी मांड मात्र अशी कोमट असताना फ्रिजमध्ये टाकली तर स्नायू गारठ्याने आखडतात आणि पुढे कितीही शिजवले तरी काप चिवट राहतात. पौष-माघात, घरात बावीस-तेवीस अंश असताना, मांड जाळीच्या ताटावर मलमलीखाली तीन-चार तास ठेवली, मग रात्रभर फ्रिजमध्ये, आणि मिठवण्याचे काम दुसऱ्या दिवशी. उन्हाळ्यात तीन-चार तास बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. आमचे मत विचाराल तर महाशिवरात्रीनंतर हा उद्योग करूच नये. स्वयंपाकघरात अडतीस अंश असताना घरचा फ्रिज कसाबसा सात-आठ अंशांवर राहतो आणि दार उघडले की दहावर जातो.

दुसऱ्या दिवशी साफसफाई. दुकानात 2.450 किलो भरलेली मांड साफ केल्यावर 2.300 उरली. वरची जाड चरबी काढायची, पण पातळ थर राहू द्यायचा. चरबीतून मीठ जवळजवळ शिरत नाही, म्हणून जाड थर राहिला की त्याखालचे मांस मागे पडते. वरचा कागदासारखा पडदा कोपऱ्यातून उचलून ओढला की सोलून येतो. गुडघ्याच्या मागे, दोन मोठ्या स्नायूंच्या फटीत चरबीचा एक गोळा असतो. तो बोटांनी चाचपला की आत लहान बोराएवढी करडी गाठ लागते. ती चरबीसकट काढून टाकावी. रश्शात ती कुणाच्या लक्षात येत नाही, पण खारवलेल्या मांडीत तिच्या भोवतीचे मांस कडवट आणि मळकट दिसते. शेवटी मांडीच्या आतल्या बाजूने जाणारी मोठी शीर शोधायची आणि अंगठा दाबत गुडघ्याकडून खुब्याकडे न्यायचा. चार-पाच वेळा असे केले की कापलेल्या टोकातून काळपट रक्ताचे थेंब येतात. हे रक्त आत राहिले तर सगळ्यात आधी तेच नासते.

आता मीठ. घरातले आयोडीनचे बारीक मीठ चालते, खडे मीठही चालते. फक्त ते वजनाने घ्यायचे. वाटीभर बारीक मीठ आणि वाटीभर खडे मीठ यांच्या वजनात बराच फरक पडतो. वाटी-चमच्याच्या मापाने खारवणाऱ्याची मांड एकदा खारट होते आणि एकदा नासते, आणि दोन्ही वेळा दोष मटणवाल्याला दिला जातो. सोने तोलायचा नव्हे, पण एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा.

दुसरे मीठ म्हणजे क्युरिंग सॉल्ट नंबर 1. यात 6.25 टक्के सोडियम नायट्राइट असते, बाकी साधे मीठ. शिजल्यावर मांस गुलाबी राहते ते याच्यामुळे, खारवलेल्या मांसाची ती खास चवही याचीच. आणि बिनहवेच्या जागी, म्हणजे नेमके हाडापाशी, वाढणाऱ्या बोट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना हे रोखते. प्रमाण चुकले तर हेच विष आहे. ते ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी रंग दिलेला असतो, आणि आपल्या घरांत घोटाळा तिथेच होतो. गुलाबी सैंधव गुलाबी, काळ्या मिठाची पूडही गुलाबी. पाकीट आल्या आल्या वेगळ्या डब्यात भरून वर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि मसाल्याच्या कप्प्यात ठेवूच नये. नंबर 2 चे पाकीट या कामाचे नाही. त्यात नायट्रेटही असते आणि ते महिनोन्‌महिने सुकवायच्या मांसासाठी असते. सोरा वापरावा का, असे पुष्कळ जण विचारतात. सोऱ्यातल्या नायट्रेटचे नायट्राइट जंतूंकडून व्हावे लागते आणि फ्रिजच्या गारव्यात ते काम अडखळते, त्यामुळे किती झाले याचा अंदाज लागत नाही. शिवाय दारूकामाचा किंवा खताचा सोरा पोटात घालायचा नसतो. पापडखार ही तर वेगळीच वस्तू आहे, तिचा इथे काही उपयोग नाही.

नायट्राइट नकोच असेल तर मांडीचे हाड काढून मांस पुस्तकासारखे उघडावे, वजनाच्या 2 टक्के मीठ चोळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावे आणि लगेच शिजवावे. चव चांगली येते, रंग नेहमीच्या उकडलेल्या मटणाचा राखाडी. हाडासकट, आठवडाभर आणि बिननायट्राइटचे, असे तिन्ही एकत्र करू नये. आणि हा रोजच्या ताटातला पदार्थ नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे. वर्षात एक-दोन मांडी होतात, तेवढेच.

जुनी रीत अशी, की पाण्यात ताजे अंडे तरंगेपर्यंत मीठ घालायचे. ते पाणी दहा टक्क्यांच्या वर जाते. मांड त्यात तासांचा हिशेब ठेवून बुडवायची आणि वेळ झाली की काढायची. एक दिवस जास्त झाला की बाहेरचे मांस लोणच्यासारखे खारट आणि आतले अजून कच्चे. आम्ही मांस आणि पाणी यांचे एकत्र वजन धरतो आणि त्या सगळ्याला पुरेल एवढेच मीठ घालतो. मग मीठ दोन्हीकडे सारखे होऊन थांबते आणि एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी मांड खारट होत नाही.

मांड 2.300 किलो आणि पाणी 1.700, मिळून 4 किलो. याच्या 3 टक्के, म्हणजे 120 ग्रॅम मीठ. किलोमागे अडीच ग्रॅमप्रमाणे क्युरिंग सॉल्ट 10 ग्रॅम. त्यात साडेनऊ ग्रॅमच्या आसपास मीठच असते, म्हणून साधे मीठ 110 ग्रॅम. नायट्राइट यात 0.625 ग्रॅम आले, म्हणजे एकूण वजनाच्या किलोमागे 156 मिलिग्रॅम. हा आकडा प्रत्येक वेळी मांडून बघायचा. क्युरिंग सॉल्टमध्ये "थोडे वाढवून टाकू" चालत नाही. गूळ 1 टक्का, 40 ग्रॅम; तो गोडीसाठी नाही, मिठाची धार बोथट करायला आहे. मांड उकडायची नसून थेट भाजायची असेल तर मीठ 2.2 टक्क्यांवर आणावे, कारण उकडताना थोडे मीठ पाण्यात जाते आणि भाजताना कुठेच जात नाही.

नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणजे ते टाकीत साठलेले असते. ते दहा मिनिटे खळखळ उकळून गार करून घ्यावे, किंवा फिल्टरचे घ्यावे. त्यातले अर्धा लिटर बाजूला काढून त्यात 15 मिरे, 5 लवंगा, 2 तमालपत्रे, चमचाभर धणे, दोन-तीन पाकळ्या दगडफूल, ठेचलेल्या 8 लसूणपाकळ्या आणि 2 सुक्या मिरच्या दहा मिनिटे उकळल्या. उकळताना पाणी आटते, म्हणून नंतर पुन्हा वजन करून 1.700 भरून घेतले. हळद घालायची नाही: तिच्या पिवळ्या रंगाखाली मांस गुलाबी झाले की नाही हे कळत नाही. साधे मीठ आणि गूळ गरम पाण्यात विरघळवायचे, क्युरिंग सॉल्ट मात्र पाणी गार झाल्यावर. मग सगळे फ्रिजमध्ये ठेवून 4 अंशांच्या खाली आणायचे. कोमट मिठवण्यात मांड घालणे ही या कामातली सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. घाई असते, पाणी "हाताला गार" लागते आणि प्रत्यक्षात ते सव्वीस अंशांवर असते.

भांडे स्टीलचे किंवा अन्नासाठीच्या जाड प्लॅस्टिकचे. जर्मनचे पातेले नको, तांबे-पितळ तर नकोच. मिठाने ते खाल्ले जाते आणि मांसाला धातूचा वास लागतो. चिनीमातीची बरणी उत्तम, पण मांड मावेल एवढी बरणी फ्रिजमध्ये मावत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे काम टोचण्याचे. मेडिकलमधून 50 मिलिलिटरची नवी सिरिंज आणि 16 गेजच्या दोन-तीन लांब सुया आणायच्या. मांडीच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे 230 मिलिलिटर मिठवणी मलमलीतून दोनदा गाळून घ्यायचे. धण्याचा एक कण सुईत अडकला की दाबताना सुई निसटते आणि मिठवण्याची पिचकारी थेट डोळ्यांवर येते. मांड परातीत ठेवावी. सुई हाड लागेपर्यंत आत घालायची, हाडाला टेकली की दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यायची, आणि सावकाश दाबत दाबत बाहेर काढत यायचे. एका ठिकाणी दहा ते पंधरा मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. मांडीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी पाच-पाच, खुब्याच्या गोळ्याभोवती तीन, गुडघ्याच्या सांध्यात दोन आणि नडगीला दोन, अशा सतरा जागा झाल्या.

सुई बरोबर बसली की मांस तिथे उशीसारखे थोडे फुगते आणि तळवा ठेवला तर गारवा आतून जाणवतो. पाणी लगेच आल्या वाटेने परत आले तर सुई दोन स्नायूंच्या मधल्या पडद्यात गेली आहे असे समजावे. बोटभर बाजूला पुन्हा टोचावे. दाबायला जोर लागू लागला तर ढकलू नये, सुई अर्धी फिरवावी. हात घाईचा असेल तर मिठवण्याचे खिसे होतात. शिजवून कापल्यावर ते काचेसारखे चकचकीत, ओलसर डाग दिसतात आणि तिथला घास पाणचट लागतो. परातीत गळलेले मिठवणी भांड्यात परत ओतावे, म्हणजे हिशेब बिघडत नाही.

टोचून झाल्यावर मांड उरलेल्या मिठवण्यात बुडवायची. ती वर येते, म्हणून वर स्टीलची ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेली काचेची बरणी. एवढ्या पाण्यात मांड बुडत नसेल तर पाणी वाढवून मिठाचा हिशेब नव्याने मांडायचा किंवा भांडे अरुंद घ्यायचे. नुसते पाणी ओतून चालत नाही. भांडे सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला लागून. शेजारी पेलाभर पाण्यात थर्मामीटर. फ्रिजच्या दारावरचा आकडा हवेचा असतो आणि हवा दार उघडताच बदलते. पेल्यातले पाणी खरे सांगते.

दर दिवशी एकदा मांड उलटायची. दुसऱ्या दिवसापासून पाणी तांबूस होते, ते मांसातल्या रंगाने. त्याला घाबरायचे कारण नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तास वीज नव्हती, तेव्हा फ्रिजचे दार उघडलेच नाही आणि पेल्यातले पाणी 3 वरून 5 वर गेले, संध्याकाळपर्यंत परत आले. अशा दिवसांसाठी फ्रीझरमध्ये दोन बाटल्या पाणी गोठवून ठेवावे आणि वीज गेली की भांड्याला चिकटून उभ्या कराव्यात. मिठवण्यात बर्फ टाकू नये.

पाण्याला रोज नाक लावायचे. गार मांस आणि मसाला एवढाच वास यायला हवा. पाणी बोटांत धरून ताणल्यावर तार आली, वर चिकट साय दिसली किंवा आंबूस वास आला तर पाणी आणि मांड दोन्ही टाकून द्यावीत. धुऊन, पाणी बदलून किंवा जास्त शिजवून वाचवायचा प्रयत्न करू नये. एवढ्या महागाच्या मांडीसाठी जीव तुटतो, तरीही.

टोचलेल्या या आकाराच्या मांडीला सात दिवस पुरतात. न टोचता ठेवली तर बारा-चौदा दिवसही कमी पडू शकतात, आणि तेवढे दिवस घरगुती फ्रिजवर आम्ही विसंबत नाही. सातव्या दिवशी मांड काढली तेव्हा ती 2.490 किलो भरली. नळाखाली धुऊन, पुसून, जाळीवर उघडीच एक रात्र फ्रिजमध्ये. त्या रात्री कडेचे आणि आतले मीठ आणखी जुळून येते. खुब्याकडच्या बाजूने बोटाएवढा तुकडा कापून साध्या पाण्यात दहा मिनिटे उकडून चाखावा. तळून चाखला तर पाणी उडून तो आहे त्याहून खारट लागतो. खारट वाटलाच तर मांड गार पाण्यात फ्रिजमध्येच तीन-चार तास ठेवावी, पाणी एकदा बदलून. वापरलेले मिठवणी मोरीत. त्यात पुन्हा काही मुरवू नये, कारण त्यात आता किती मीठ उरले हे कोणालाच माहीत नसते.

शिजवण्यासाठी दहा लिटरचे पातेले आणि मांड बुडेल एवढे गार पाणी. सोबत एक कांदा, आल्याचा तुकडा, पाच-सहा मिरे, तमालपत्र. मीठ नाही. आच मध्यम ठेवून पाणी तापू द्यायचे, वर येणारा राखाडी फेस झाऱ्याने काढत राहायचा. पहिला बुडबुडा दिसला की आच अगदी बारीक करून पातेल्याखाली जाड तवा सरकवायचा, बिर्याणीला दम देताना करतो तसाच. पाणी 82 ते 85 अंशांवर राहायला हवे. म्हणजे पृष्ठभाग नुसता थरथरतो आणि कडेने अधूनमधून एखादा बुडबुडा येतो. रटरट उकळी आली की बाहेरचे स्नायू आवळून पाणी पिळून टाकतात, आणि आठ दिवसांची मेहनत दोरे-दोरे होऊन वर येते.

थर्मामीटर आधी तपासून घ्यावा. कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात त्याने 0 दाखवायला हवे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. उकळत्या पाण्यात 100 दिसले नाही म्हणून थर्मामीटर बदलून आणायला जाऊ नये.

कुकरने वेळ वाचतो, पण आतले तापमान 120 अंशांच्या आसपास जाते आणि मांडीचे पातळ काप पडत नाहीत, ती विस्कटते. कालवणासाठी तसे मांस चालेल. एवढे खारवून कालवणच करायचे असेल तर मग खारवायचे कशाला.

सव्वातीन तासांनी हाडाजवळ, पण हाडाला न टेकता, 90 अंश लागले. दुसरी खूण: नडगी धरून हलवली तर ती सांध्यात सैल फिरते आणि विणकामाची सुई मांसात लोण्यात जावी तशी जाते. रंगावर अजिबात जाऊ नये. नायट्राइटने मुरलेले मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबीच दिसते, आणि पहिल्यांदा करणारे "अजून कच्चे आहे" म्हणून तासभर जास्त शिजवून ते कोरडे करतात.

यानंतर गार करणे, आणि त्यात आळस परवडत नाही. मांड पाण्यातच अर्धा तास राहू द्यावी, मग पातेले घमेल्यात ठेवून भोवती लादीचा फोडलेला बर्फ भरावा. साठ अंशांवरून वीसपर्यंत दोन तासांत उतरले पाहिजे. ओट्यावर रात्रभर झाकून ठेवलेली मांड सकाळी छान दिसते आणि दुपारी पोट सांगते. गार झाली की मांडीचे हाड पिरगाळून ओढले तर स्वच्छ बाहेर येते. त्या पोकळीत चमचाभर घट्ट रस घालायचा, मांस मलमलीत आवळून सुतळीने बांधायचे, ताटलीत ठेवून वर पाटा किंवा वरवंटा. रात्रभर फ्रिजमध्ये दाबले की सांधे जुळतात. हाडाशिवाय सव्वा किलोच्या वर मांस हाती लागले.

कापताना धारेचा पातळ सुरा, आणि रेषांच्या आडवे. मांडीत रेषांची दिशा दोन-तीनदा बदलते, तेव्हा बांधलेला गोळा फिरवत राहावा. दोन-तीन मिलिमीटरचे काप, सोबत मालदांडी ज्वारीची कडक भाकरी, कांदा आणि दही. शेंगाचटणी घ्यायची तर बेताने, तिच्यात स्वतःचे मीठ असते. गरम हवे असेल तर अर्धा गोळा आख्खाच ठेवून त्यावर 1 चमचा काळा मसाला, 1 चमचा गूळ आणि 2 चमचे तेल यांचा लेप लावून ओव्हनमध्ये 200 अंशांवर वीस मिनिटे. गूळ करपायच्या आत काढावा. खारवलेले मांस काळे पडेपर्यंत भाजणे तसेही बरे नाही.

पहिला काप पडला की सगळे कळते. मध्यभागी, हाडाच्या पोकळीभोवती, राखाडी टिकली किंवा चट्टा दिसला तर तिथे मिठवणी पोहोचले नव्हते. वास स्वच्छ असेल आणि मांस नीट शिजलेले असेल तर तेवढा भाग कापून बाजूला काढून त्याच दिवशी बाकीचे संपवावे; पुढच्या वेळी तिथे दोन टोचे जास्त. हाडाशी आंबूस किंवा कुजका वास आला तर मात्र सगळेच टाकायचे, बाहेरचे काप कितीही गुलाबी असोत. बाहेरच्या बाजूला फिकट पट्टा असेल तर मांड भांड्याच्या भिंतीला टेकून राहिली होती, उलटणे चुकले. कापांवर कधीकधी मोराच्या पिसासारखी हिरवी-निळी झाक दिसते. काप तिरका धरल्यावर ती जात-येत असेल तर तो नुसता उजेडाचा खेळ; ती हललीच नाही, काप चिकट लागला आणि वास आला तर ते नासलेले आहे.

फ्रिजमध्ये चार दिवस. त्याहून जास्त ठेवायचे तर कापून, हवा काढून फ्रीझरमध्ये, पण महिन्याभरात संपवावे. मीठ असलेली चरबी गोठवूनही लवकर खवट होते.

उरते ते पातेल्यातले पाणी. मटण शिजवल्यावर मुलांना देतो त्या अळणीसारखेच ते दिसते, पण नावाला अजिबात जागत नाही. ते गाळून, थंड करून, वर जमलेली चरबीची चकती काढावी आणि एका भागात दोन भाग साधे पाणी घालून तुरीची किंवा मुगाची डाळ त्यात शिजवावी. मांडीचे हाड मधोमध तोडून त्याच डाळीत सोडायचे. फोडणी लसणाची, आणि डाळ पूर्ण शिजून चाखल्याशिवाय मिठाच्या डब्याला हात लावायचा नाही.